रुमालाखालची बोटं

हापूसच्या ऐन हंगामात पहाटे वाशीच्या फळबाजारात गेलात, तर आंब्यांवरून नजर काढून जरा माणसांच्या हातांकडे बघा. पेटी उघडलेली असते. दलाल आणि खरेदीदार हात हातात देतात आणि वरून रुमाल टाकतात. दोघांचे चेहरे कोरे. रुमाल तेवढा इकडून तिकडून हलतो. एकाची मान नकारार्थी हलते, रुमाल पुन्हा हलतो आणि हात सुटतात. सौदा झाला! शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही भाव कळलेला नसतो.

फळबाजार १९९६ मध्ये वाशीला आला, पण ही बोटांची भाषा त्याच्यापेक्षा शतकांनी जुनी. सतराव्या शतकात तावेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या गोवळकोंड्याकडच्या हिऱ्यांच्या खाणींवर आला होता. तिथले व्यापारी समोरासमोर बसून कापडाखाली हात धरत, तोंडातून शब्द न काढता भाव ठरवत. त्याने त्यांचा हिशेबच लिहून ठेवलाय: अख्खा पंजा धरला की हजार, एक बोट धरलं की शंभर, मधल्या पेरापर्यंत धरलं की पन्नास आणि नुसतं टोक म्हणजे दहा. आता स्वतःच्या हातावर करून बघा. तीन बोटं, मग अर्धं बोट, मग एक टोक. तीनशे साठ! ना कागद, ना आवाज. भोवती गर्दी असताना चाललेलं हे संभाषण फक्त दोन तळहातांपुरतं. गुजराती, हिंदी, मराठी, कुणाची बोली कुठलीही असो, बोट दाबलं की कळतं.

इटलीत नेमकं उलटं. तिथली बोटं सगळ्या रस्त्याला दिसावीत म्हणूनच हलतात. पाचही बोटांची टोकं जुळवून वर धरायची आणि मनगट खालीवर हलवायचं: ‘अरे, तुला म्हणायचंय तरी काय?’ नेपल्सच्या आंद्रेआ दे योरिओने १८३२ साली तिथल्या हातवाऱ्यांवर अख्खा ग्रंथ लिहिला, आणि २०२० मध्ये ही जुळलेली बोटं इमोजी होऊन आपल्या मोबाइलवर आली. पण तीच बोटं आपण तोंडाकडे नेली की अर्थ होतो, ‘जेवलास का?’ बोटं तीच, जुळणीही तीच. अर्थ मात्र बघणाऱ्याच्या घरचा. मला याचं नवल वाटायचं थांबत नाही.

वाशीतला रुमाल मात्र अर्थ लपवायलाच असतो. एका गिऱ्हाइकाला दिलेला भाव दुसऱ्याला कळला नाही, की एकाच मालाचे दोन भाव करता येतात. हाताचं हे कसब अस्सल आहे. जुन्या व्यापाऱ्यांच्या बोटांत ते आहे तोवर कुणीतरी ते टिपून, चित्रित करून ठेवायलाच हवं. पण भाव उघड्यावरच पुकारला गेला पाहिजे. बाजार समितीच्या नियमांनाही उघड लिलावच अभिप्रेत आहे. वर्षभर बाग राखून पेट्या पाठवणारा देवगडचा बागायतदार त्या रुमालाजवळ नसतो. त्याच्या हातात नंतर दलालाच्या हिशेबाची पट्टी येते, आणि तिच्यावर सौद्याचा फक्त शेवटचा आकडा असतो.