किल्ल्यावरचा मावळा : तीन इंचांतील बारकावे

दिवाळीची सुट्टी लागली की विटा, दगड, पोती आणि माती गोळा करून किल्ला उभा करणे, त्यावर हळीव-मोहरी पेरणे आणि बुरुजांवर मावळे मांडणे हा मराठी मुलांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग आहे. महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांनीही तो जपला आहे. राजपुऱ्यात अंगणे आक्रसली, तरी ओट्यावर किंवा गच्चीवर किल्ला मावतो. मात्र तटबंदीवर चार दिवस खपणारी मुले मावळ्याकडे फारसे पाहत नाहीत. तो बाजारातून येतो तसाच उभा राहतो : गुलाबी चेहरा, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके आणि तलवार म्हणून चंदेरी रंगाचा एक फराटा. या मावळ्याला जिवंतपणा कसा आणावा, त्यामागची कारणे कोणती आणि हे काम मुलांच्या हाती देताना कोणती काळजी घ्यावी, हे येथे थोडक्यात मांडत आहे.

पाश्चात्त्य देशांत या कलेला मोठी परंपरा आहे. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी नकाशावरील युद्धखेळ सिद्ध केला. १८९३ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने शिशाचे पोकळ सैनिक ओतण्याची पद्धत काढली आणि अशी खेळणी स्वस्त झाली. १९१३ साली एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात अशा सैनिकांनी खेळायचे नियम लिहिले. आज तेथे जेमतेम सव्वा इंच उंचीचे सैनिक टेबलावर मांडून खेळतात आणि ते रंगविण्यात प्रौढ माणसेही तासन्‌तास रमतात. त्यांच्या युक्त्या आपल्या मावळ्यालाही तंतोतंत लागू पडतात.

प्रमाण

बाजारातील मावळा साधारण तीन इंच, म्हणजे ७५ मिलिमीटर उंच असतो. साडेपाच फुटी माणसाच्या तो सुमारे बाविसावा हिस्सा झाला. माणसाच्या डोळ्याची फट सुमारे ३० मिलिमीटर रुंद असते. मावळ्यावर ती दीड मिलिमीटरपेक्षाही कमी भरेल. बुबुळ तर अर्ध्या मिलिमीटरचे! तलवारीच्या पात्याची रुंदी दोन मिलिमीटरच्या आत राहावी. उलट तोड्याची बंदूक जवळजवळ मावळ्याच्या उंचीइतकी लांब हवी. साच्यातील तलवार जाड व बोथट असेल तर ती काढून टाकावी आणि पत्र्याच्या पट्टीची किंवा बांबूच्या काडीची नवी बसवावी. एवढ्या एका बदलानेही मावळ्याचे रूप पालटते.

शरीराच्या प्रमाणाकडेही लक्ष द्यावे. प्रौढ माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट असते, नवजात बालकाची चार पट. साच्यातील पुष्कळ मावळ्यांचे डोके इतके मोठे असते की मिशा असूनही ते बालकासारखे दिसतात. डोके लहान करता येत नाही; पण मुंडासे आटोपशीर ठेवावे आणि कमरेचा शेला थोडा वर रंगवावा, म्हणजे पाय लांब भासून हा दोष बराच झाकला जातो.

चेहरा

डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर असतात. मुले ते हमखास कपाळावर काढतात. रंगविताना प्रथम डोळ्याच्या जागी गडद तपकिरी आडवी रेघ ओढावी. तिच्या आत मळकट पांढऱ्या रंगाची बारीक रेघ द्यावी. शुभ्र पांढरा वापरू नये. मग बुबुळाचा ठिपका वरच्या पापणीला टेकवून द्यावा. डॉक्टर मंडळींना याचे कारण सांगायला नको : वरची पापणी नेहमी बुबुळाचा थोडा भाग झाकते. बुबुळाभोवती सर्व बाजूंनी पांढरे दिसू लागले, तर मावळा एक तर घाबरलेला वाटतो किंवा थायरॉइडचा रुग्ण! दोन्ही ठिपके एकाच दिशेला पाहत आहेत ना, हेही तपासावे. नाहीतर पहारेकरी तिरळा होतो.

त्वचेसाठी तयार गुलाबी रंग टाळावा. तपकिरीत थोडा पिवळा व किंचित लाल मिसळला की उन्हात रापलेला सह्याद्रीचा माणूस दिसू लागतो.

सावली

खऱ्या माणसाच्या कपड्यांच्या चुण्यांत सावली पडते आणि तिच्यामुळे आपल्याला खोली जाणवते. तीन इंची मावळ्याच्या चुण्या इतक्या उथळ असतात की चहूकडून येणारा उजेड त्यांच्यात सहज शिरतो. त्यामुळे सपाट रंगविलेली मूर्ती सपाटच दिसते. म्हणून सावली रंगानेच निर्माण करावी लागते.

त्याचा क्रम असा : आधी पांढऱ्या अस्तराचा हात, मग प्रत्येक भागाचा मूळ रंग. तो वाळल्यावर भरपूर पाणी घातलेला गडद तपकिरी रंग सर्वत्र फिरवावा. तो आपोआप खोलगट भागांत साचतो. तेही वाळल्यावर कुंचल्याला फिकट रंग लावून तो फडक्यावर जवळजवळ पुसून घ्यावा आणि उंचवट्यांवरून हलकेच घासावा. चुणीची कड, नाकाचा शेंडा, बोटांचे सांधे उठून दिसतात. डोळे सर्वांत शेवटी. रंग दुधाइतका पातळ असावा आणि थर दोन-तीन द्यावेत. दोन-तीन केसांचा कुंचला घेऊ नये, त्यावरचा रंग वाटेतच वाळतो. शून्य क्रमांकाचा, उत्तम टोक असलेला कुंचला पुरतो. मावळा बाटलीच्या बुचावर चिकटवावा, दोन्ही मनगटे एकमेकांना टेकवावीत आणि कोपर टेबलावर ठेवावेत, म्हणजे हात कापत नाही.

वेश आणि शस्त्रे

काय रंगवायचे हे ठाऊक नसेल तर कुंचला कितीही बारीक असून उपयोग नाही. मावळ्याच्या डोक्याला मुंडासे, अंगात बंदांची बंडी, खाली गुडघ्यापर्यंतचा चोळणा, कमरेला शेला आणि त्यात खोचलेली कट्यार. ढाल गोल व चामड्याची, तिच्यावर धातूची चार फुले. पट्ट्याची मूठ कोपराच्या दिशेने हात झाकणारी असते, तर धोपेचे पाते लांब व सरळ. मीर मुहंमद या चित्रकाराने सतराव्या शतकात काढलेले शिवाजी महाराजांचे अश्वारूढ चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. महाराजांसोबतचे शस्त्रधारी पायदळ त्यात पाहता येते. पुण्याला जाणे झाले तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातील शस्त्रे मुलांना अवश्य दाखवावीत.

आपल्याला तर इतिहास दारातच लाभला आहे. येथून सुमारे वीस किलोमीटरवरचा असीरगड १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर मराठ्यांकडे आला, १८०३ मध्ये इंग्रजांनी घेतला, त्याच वर्षीच्या तहाने शिंद्यांना परत मिळाला आणि १८१९ साली कायमचा गेला. अंगणात असीरगड बांधायचा तर त्यावर कोणत्या सालचा सैनिक उभा करणार? शिवकालीन मावळा आणि कवायती फौजेतील, संगिनीची बंदूक घेतलेला शिंदेशाही शिपाई यांत सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. मुलाने हा प्रश्न विचारला, की आपसूकच तो इतिहासाच्या पुस्तकाकडे वळतो.

रंगांतील शिसे

आता बालरोगतज्ज्ञाच्या नात्याने काही सांगणे आवश्यक आहे. भगव्या झेंड्यासाठी घरातला शेंदूर वापरण्याचा मोह होतो. पारंपरिक शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड आहे आणि पिवळ्या क्रोम रंगात लेड क्रोमेट असते. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढांचे शरीर सुमारे एक दशांश शोषते. लहान मुलांचे निम्म्यापर्यंत शोषू शकते. त्याचा घाला वाढत्या मेंदूवर पडतो. बुद्धी, एकाग्रता आणि वर्तन यांवर होणारा परिणाम बाहेरून काही लक्षण न दिसताही होत राहतो. मुलांच्या रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. घरगुती रंगांत शिसे दशलक्षात ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. सुटी रंगपूड आणि माळ्यावरचे जुने डबे यांबाबत मात्र तशी खात्री देता येत नाही. म्हणून मुलांना शालेय जलरंग किंवा पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंगच द्यावेत. जुन्या मूर्तींचा रंग खरवडू देऊ नये.

कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरण्याची सवय तर पहिल्याच दिवशी मोडावी. अमेरिकेत न्यू जर्सीतील कारखान्यात १९१७ पासून घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंगाने आकडे काढणाऱ्या मुली अशाच कुंचला ओठांत धरीत. पुढे त्यांच्यातील अनेकींची जबड्याची हाडे सडली आणि काहींचा मृत्यू ओढवला. टोक आणायला ओले फडके पुरते.

कोणत्या वयात काय

तीन वर्षांचे मूल वर्तुळ काढते, चार वर्षांचे अधिकचे चिन्ह, पाचव्या वर्षाच्या सुमारास त्रिकोण. बोटांचे सूक्ष्म नियंत्रण असे टप्प्याटप्प्याने येते. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती मावळा देऊच नये. मोडलेली तलवार श्वासनलिकेत अडकू शकते. चार-पाच वर्षांच्या मुलाला माती थापू द्यावी, सहा-सात वर्षांच्याला मूळ रंग भरू द्यावा. डोळे आणि शस्त्रांचे काम नऊ-दहा वर्षांनंतर. त्याआधी आग्रह धरला तर मूल कंटाळते आणि आपला हात वाईट आहे असा ग्रह करून घेते.

शंभर मावळे आणण्यापेक्षा प्रत्येक मुलाने एकच मावळा आठवडाभर मन लावून रंगवावा. चवथ्या दिवशी ते स्वतःहून विचारील, ढालीवर फुले चारच का? पालकांनी त्या वेळी उत्तर शोधायला त्याच्यासोबत बसावे. येत्या दिवाळीत आपल्या वस्तीत असे पाच-दहा मावळे जरी उभे राहिले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.