पायाला दिलेलं काम

शेडच्या छताखाली रुळांवर धावणारी क्रेन हातांनी चालते, असं खालून बघणाऱ्याला वाटतं. केबिनमध्ये चढलं की कळतं, तिला चालवतात हात, पण थांबवतो पाय.

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला तो 2 फेब्रुवारी 1955 रोजी. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. पुढे कारखान्याभोवती फॅब्रिकेशनच्या शेडा उभ्या राहिल्या. अशाच एका शेडमध्ये, जुन्या क्रेनच्या केबिनमध्ये उभं राहून मी हे काम पाहिलं. ऑपरेटर गोंदियाकडचे. सगळे त्यांना भाऊ म्हणतात.

भाऊंचे दोन्ही हात कंट्रोलरवर असतात. एक क्रेनला शेडच्या लांबीत पळवतो, दुसरा हुक वरखाली करतो. उजव्या पायाखाली ब्रेकचं पायडल, डाव्या पायाशी घंटेचं. खाली माणूस आडवा आला की डावा पाय आपोआप दाबला जातो आणि घंटा वाजते.

हुकचा ब्रेक वेगळ्या जातीचा. तो स्प्रिंगने कायम आवळलेला असतो आणि विजेने सुटतो. वीज गेली तरी माल हवेत जागच्या जागी राहतो. हुक वाहून नेत शेडच्या लांबीत पळणाऱ्या क्रेनच्या आडव्या पुलाला मात्र इथे पायाचाच ब्रेक आहे. करंट तोडला तरी पूल आपल्या वेगाने घरंगळत राहतो. त्याला कुठे आणि किती हळू थांबवायचं, हे पाय ठरवतो.

हळू थांबवण्याला इतकं महत्त्व का, ते दोरावर लटकलेल्या प्लेटकडे पाहिलं की समजतं. पूल झटक्यात थांबला तर प्लेट पुढे झोका घेते. या झोक्याचा वेळ मालाच्या वजनावर नाही, लटकण्याच्या लांबीवर ठरतो. हुकमधला माल 4 मीटर खाली असेल तर एका पूर्ण झोक्याला साधारण 4 सेकंद लागतात, 9 मीटर खाली असेल तर 6. भाऊ हा हिशेब आकड्यांत मांडत नाहीत, त्यांच्या पायाला तो ठाऊक आहे. ते आधी करंट तोडतात, पूल घरंगळू देतात, टाच फळीवर टेकवून चवड्याने पायडल थोडं दाबतात. प्लेट पुढे झुकली की पाय क्षणभर सैल होतो, पूल तिच्यामागे सरकतो, आणि प्लेट पुलाच्या बरोबर खाली आली की पायडल पूर्ण दाबलं जातं. प्लेट स्टँडवर बसते तेव्हा खालच्या फिटरला तिला हातही लावावा लागत नाही.

हा ब्रेक तेलावर चालतो. पायडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं तेल नळीतून पुढे जातं आणि ड्रमवर ब्रेकशू दाबले जातात. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. नळीत हवा शिरली की पायडल मऊ लागतं आणि जोर ड्रमपर्यंत पोहोचत नाही. मग क्रेन उभी करून, मेन स्विच बंद करून एअर काढावी लागते. ते दोघांचं काम. हेल्पर ड्रमजवळ पुलावर बसला, निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक त्याने तेलाच्या बाटलीत बुडवलं.

"भाऊ, पंप मारा!"

भाऊंनी तीनचारदा पायडल मारलं.

"आता दाबून ठेवा!"

हेल्परने निपल सोडलं, बाटलीत बुडबुडे फुटले, निपल परत आवळल्यावरच तो म्हणाला, "सोडा." त्याआधी पाय उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते. बुडबुडे थांबून नुसत्या तेलाची धार येईपर्यंत हे चाललं. मग पायडल पायाला कडक लागू लागलं.

1948 च्या कारखाना कायद्याने रुळाजवळ माणूस काम करत असेल तर क्रेन त्याच्यापासून 6 मीटरच्या आत येता कामा नये, असं बंधन घातलं होतं. अशा क्रेनवर तो नियम पाळण्याची ताकद या कडक पायडलातच असते.

त्याच शेडच्या कोपऱ्यात पॉवर प्रेस आहे. तिलाही पायडल आहे, पण काम उलट. चाक सतत फिरत असतं. पायडल दाबलं की क्लच अडकतो आणि रॅम खाली येतो. चावीच्या क्लचची प्रेस असेल तर पाय लगेच उचलला तरी रॅम अर्ध्यात थांबत नाही. आणि पायाने चालवल्यामुळे हात मोकळे राहतात, म्हणजे ते डायमध्ये जाऊ शकतात.

हे पाहून माझं मत पक्कं झालं. पायाला कमीजास्त करण्याचं काम द्यावं, एका ठोक्याचं देऊ नये. शिलाई मशीनवर, संगीत नाटकाच्या पायपेटीवर पाय हेच करतो. मोतीबिंदूच्या फेको शस्त्रक्रियेत सर्जनच्या पायाखालचं पायडलही टप्प्याटप्प्याने दाबलं जातं. आधी नुसतं पाणी, मग पाणी आणि ओढ, शेवटी अल्ट्रासाउंड. पाय उचलला की सगळं थांबतं. पायडल दाबलं तेवढंच काम आणि सोडलं की बंद, हीच त्याची सुरक्षितता.

नव्या क्रेन रेडिओ रिमोटवर चालतात, ऑपरेटर मालासोबत खाली चालतो आणि ड्राइव्ह वेग सावकाश उतरवते. हे चांगलंच आहे. पण जुन्या केबिन जोवर चालू आहेत, तोवर शेडच्या मालकांना माझं सांगणं आहे. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला माल न उचलता ब्रेकचं पायडल दाबून पाहायला ऑपरेटरला वेळ द्या. इतर यंत्रांच्या फूटस्विचवर चुकून पाय पडू नये म्हणून झाकण बसवा. आणि प्रेसचं पायडल काढून तिथे दोन हातांनी एकदम दाबायची बटणं लावा, डायसमोर गार्ड बसवा. कामगाराची बोटं वाचवायला याहून स्वस्त उपाय नाही.