विजयदुर्गाचे बंदर

देवगड तालुक्यातील गिर्ये गावाच्या सड्यावरून रस्ता उताराला लागला, की हापूस आंब्यांच्या बागांमधून निळे पाणी मधूनच चमकू लागते. आणखी थोडे खाली उतरावे, तो एका बाजूला खवळता अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला वाघोटनच्या खाडीचे संथ पाणी, असा दुहेरी देखावा समोर येतो. या दोन पाण्यांच्या मध्ये जमिनीचे एक टोक समुद्रात शिरले आहे. त्या टोकावर काळ्या दगडांचा तिहेरी तट उभा आहे. हाच विजयदुर्ग होय.

येथे येणारा प्रवासी बहुधा किल्लाच पाहून परततो. बुरुज मोजतो, तोफेच्या गोळ्यांच्या खुणा शोधतो आणि तटावर उभा राहून सूर्यास्त पाहतो. त्यात वावगे काही नाही. सूर्यास्त खरोखरच सुंदर असतो. परंतु हा किल्ला ज्याच्या रक्षणासाठी उभारला, ते बंदर मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटते. तेव्हा आपण किल्ल्याआधी बंदराकडे पाहू.

कोकणच्या किनाऱ्यावर खाड्या पुष्कळ आहेत. पण प्रत्येक खाडी म्हणजे चांगले बंदर नव्हे. नदी आपल्याबरोबर गाळ व वाळू आणते. समुद्राच्या लाटा ती वाळू मागे रेटतात. या ओढाताणीत खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा साचतो आणि त्यावर जहाजे रुतून बसतात. अशा खाडीत शिरावयाचे, तर भरतीची वाट पाहत बाहेर ताटकळावे लागते. विजयदुर्गाच्या मुखाशी असा दांडा नाही, पाणीही खोल आहे. त्यातच जमिनीचे ते टोक दक्षिणेकडून आडवे आल्यामुळे पावसाळ्यातील नैर्ऋत्य वाऱ्याचा मारा त्याच्यावर फुटतो आणि आतले पाणी त्या मानाने शांत राहते. ज्या दिवसांत शिडाची जहाजे एरवी समुद्रात काढण्याची सोय नसे, त्या दिवसांतही येथे आसरा मिळे. पश्चिम किनाऱ्यावरील उत्तम बंदरांत जुने दर्यावर्दी विजयदुर्गाची गणना करीत, ती याच कारणाने.

खाडीतून आत गेले म्हणजे खारेपाटण लागते. आज मुंबई-गोवा महामार्गावरील हे एक लहानसे गाव आहे. परंतु एके काळी घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून येथे उतरे आणि होड्यांतून समुद्राकडे जाई. शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ मधील ताम्रपट या गावी सापडला आहे. यावरून या खाडीच्या काठची वस्ती किती जुनी आहे, हे ध्यानात येईल.

विजयदुर्ग प्रथम बांधला, तो शिलाहार राजा दुसरा भोज याने, बाराव्या शतकाच्या अखेरीस, असे मानतात. पुढे तो विजापूरच्या आदिलशहाकडे होता. गिर्ये गावावरून त्याला घेरिया हे नाव पडले होते. शिवाजी महाराजांनी तो जिंकून घेतला आणि त्याचे नाव विजयदुर्ग ठेवले. परंपरेने हे साल १६५३ सांगतात. त्या वर्षी शके १५७५, विजय नावाचे संवत्सर होते आणि त्यावरूनच हे नाव दिले, असेही म्हणतात. महाराजांनी किल्ल्याची तटबंदी वाढवून तो बळकट केला. त्याला तीन बाजूंनी समुद्र आहे. चौथ्या बाजूला पूर्वी खंदक होता. आज तेथून सरळ रस्ता जातो. दारातून आत गेल्यावर वाट अशी वळते, की बाहेरून मुख्य दरवाजा दिसूच नये. आत पाण्याचा मोठा हौद, धान्याची कोठारे, खलबतखाना, भवानीचे देऊळ अशी स्थळे पाहावयास मिळतात. काही लेखक त्याला पूर्वेचे जिब्राल्टर म्हणतात. आपल्या किल्ल्याचे मोठेपण दुसऱ्याच्या किल्ल्याच्या नावाने का सांगावे, हे मला कधी कळले नाही.

किल्ल्याच्या पश्चिमेस, समुद्राच्या तळाशी, दगडांची एक रांग आहे. पाणबुड्यांनी ती पाहिली असून तिची लांबी सुमारे १२० मीटर भरते. शत्रूची जहाजे तटाजवळ येऊ लागली, म्हणजे त्यांचे खोल तळ या पाण्याखालच्या भिंतीवर आपटत आणि फुटत, अशी कथा त्या भागात सर्वत्र ऐकू येते. मराठ्यांच्या गलबतांचे तळ उथळ असल्यामुळे ती मात्र वरून सहज निघून जात. ही भिंत कोणी व केव्हा घातली, याविषयी विद्वानांत एकमत नाही. पण जहाजाचा तळ किती खोल आणि पाणी किती खोल, या दोन गोष्टींवर समुद्रातील जयापजय कसा ठरतो, हे त्या कथेवरून चांगले समजते.

आता आपण किल्ल्यापासून खाडीच्या काठाने सुमारे तीन किलोमीटर आत जाऊ. या ठिकाणी फारसे कोणी येत नाही. काठावर खडक खोदून आणि दगड रचून केलेला एक प्रचंड हौद आहे. त्याची लांबी सुमारे १०९ मीटर आणि रुंदी सुमारे ७० मीटर असून खाडीच्या बाजूस त्याला तोंड आहे. ही आंग्र्यांची गोदी होय.

गोदी कशासाठी, हे समजण्यास लाकडी जहाजाचे दुखणे समजले पाहिजे. लाकडी जहाज महिनोन् महिने खाऱ्या पाण्यात राहिले, की त्याच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटतात. त्यांच्या ओझ्याने जहाज मंद चालू लागते. याहून वाईट म्हणजे, समुद्रातील एक किडा लाकूड आतून पोखरतो. वरून फळी धड दिसते आणि आत तिची चाळण झालेली असते. म्हणून जहाजाचा तळ वेळोवेळी खरवडावा लागतो, कुजलेल्या फळ्या बदलाव्या लागतात, सांध्यांत कापूस ठासून वर राळ आणि तेल चोपडावे लागते. पण शेकडो खंडी वजनाचे जहाज पाण्याबाहेर उचलावे कसे?

हे काम आंग्र्यांच्या माणसांनी चंद्राकडून करवून घेतले. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास समुद्राला उधाण येते. या किनाऱ्यावर त्या वेळी भरतीचे पाणी ओहोटीच्या पाण्याहून दोन मीटरांपेक्षा अधिक उंच चढते. अशा भरतीच्या ऐन वेळी जहाज गोदीत आणीत. सहा तासांनी पाणी ओसरले, की जहाज तळावर अलगद टेकलेले असे आणि त्याचे सारे अंग उघडे पडे. सुतार आणि लोहार कामाला लागत. काम आटोपल्यावर पुढच्या उधाणाचे पाणी जहाजाला आपोआप उचलून धरी आणि ते खाडीत निघून जाई. यंत्र नाही, यारी नाही. तिथी मात्र अचूक ठाऊक हवी. गोदी समुद्रापासून आत असल्याने बाहेरून जाणाऱ्या शत्रूला ती दिसतही नसे.

किल्ला, खाडी आणि गोदी या तिन्हींचे महत्त्व ज्यांनी पुरते ओळखले, ते कान्होजी आंग्रे. सन १६९८ च्या सुमारास मराठ्यांच्या आरमाराची सूत्रे त्यांच्या हाती आली आणि विजयदुर्ग हे त्यांचे एक मुख्य ठाणे बनले. त्यांच्या आरमारात गुराबा आणि गलबते अशी दोन प्रकारची तरांडी असत. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची आणि भारी तोफांची. गलबत लहान, शिडांबरोबर वल्ह्यांनीही चालणारे. वारा पडला, की परक्यांची मोठी जहाजे जागच्या जागी खिळून राहत. अशा वेळी गलबते वल्ही मारीत गुराबांना ओढून नेत आणि मागच्या बाजूने हल्ला चढवीत. इंग्रजांनी १७१७ मध्ये विजयदुर्गावर चढाई केली, ती फसली. १७२० मध्ये ते एक तरंगता तोफखाना मुद्दाम बांधून घेऊन आले, तोही निरुपयोगी ठरला. १७२४ मध्ये डचांनी प्रयत्न केला. त्यांनाही हात हलवीत परत जावे लागले. कान्होजी १७२९ मध्ये वारले, तेव्हा बंदर अभंग होते.

पुढची हकीकत मात्र दुःखाची आहे. कान्होजींच्या मुलांत फूट पडली. विजयदुर्ग तुळाजी आंग्रे यांच्याकडे आला. तुळाजी शूर होते. परंतु त्यांचे आणि पेशव्यांचे हाडवैर जडले. नानासाहेब पेशव्यांनी तुळाजींचा बंदोबस्त करण्यासाठी १७५५ मध्ये इंग्रजांशी करार केला. जे बंदर परक्यांना तीन वेळा घेता आले नव्हते, त्यावर त्यांना आता घरच्यांच्या संमतीने येता येणार होते.

फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचे आरमार विजयदुर्गापुढे आले. बरोबर कर्नल क्लाइव्हचे सैन्य होते. जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज उभी होती. तुळाजी बोलणे करण्यासाठी पेशव्यांच्या छावणीत गेले होते आणि किल्ला त्यांच्या नातलगाच्या हाती होता. १२ फेब्रुवारीला दुपारी इंग्रजांची जहाजे दोन रांगांनी बंदरात शिरली आणि तोफांचा भडिमार सुरू झाला. तुळाजींचे आरमार त्या वेळी कोठे होते? ते किल्ल्याच्या आश्रयाला उभे होते आणि गुराबा दोरखंडांनी एकमेकींना बांधलेल्या होत्या. त्यांत इंग्रजांपासूनच पूर्वी पकडलेले रेस्टोरेशन नावाचे एक जहाज होते. दुपार कलल्यावर इंग्रजांचा एक पेटता गोळा नेमका त्या जहाजावर पडला. ज्वाला दोरखंडांवरून शेजारच्या गुराबेवर गेली, तेथून तिच्या शेजारणीवर. सायंकाळपर्यंत सारे आरमार पेटले होते. दुसऱ्या दिवशी, १३ फेब्रुवारीला, किल्ल्याने शरणागती दिली.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, मुलांनो. इतका मारा होऊनही तटाला मोठे खिंडार पडले नव्हते. तट उभाच होता; जळाली ती जहाजे. त्यानंतर किल्ल्यातील सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली आणि किल्ला पेशव्यांच्या हवाली करण्यास ते तयार होईनात. अखेर ऑक्टोबरमध्ये नवा तह झाला, तेव्हा कोठे तो पेशव्यांना मिळाला. तुळाजींचे उरलेले आयुष्य कैदेत गेले. आंग्र्यांच्या माणसांनी एकेक उधाण साधून जपलेले आरमार एका दुपारी नाहीसे झाले आणि ते जाळण्यास आपणच वाट करून दिली होती, हे शल्य इतिहास वाचताना आजही मनाला बोचते.

तरीही बंदराचे काम लगेच थांबले नाही. पेशव्यांनी येथे आपल्या आरमाराचा सुभा ठेवला आणि तो धुळपांकडे दिला. आनंदराव धुळपांनी १७८३ च्या एप्रिल महिन्यात इंग्रजांचे रेंजर हे जहाज लढून पकडले आणि विजयदुर्गास आणले. गिर्ये येथील रामेश्वराच्या देवळाकडे डोंगर कापून वाट काढलेली आहे. त्या देवळाच्या आवारात संभाजी आंग्रे यांची समाधी आहे आणि परक्या जहाजावरून आणलेली म्हणून दाखवितात ती घंटाही आहे. १८१८ मध्ये मात्र विजयदुर्ग इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि त्याचे लढाऊ जीवन संपले.

किल्ल्यावर काही दगडी ओटे दाखवितात. त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ रोजी हिंदुस्थानातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. नॉर्मन लॉकियर या शास्त्रज्ञाने याच ओट्यांवरून ते पाहून हेलियम वायूचा शोध लावला, असे येथे अभिमानाने सांगतात. पण लॉकियर त्या वेळी इंग्लंडातच होते. ग्रहणाचे ते प्रसिद्ध निरीक्षण जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने आंध्रातील गुंटूर येथून केले. लॉकियर यांनी सूर्याच्या प्रकाशातील पिवळ्या रेषेचा अभ्यास इंग्लंडातून, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केला. ओटे पाहावेत, कथा ऐकावी. परंतु विजयदुर्गाला उसन्या कीर्तीची गरज नाही.

विसाव्या शतकात मुंबईहून कोकणात येणाऱ्या आगबोटी या बंदराला लागत. पुढे रस्ते झाले आणि त्या बंद पडल्या. अलीकडच्या वर्षांत लाटांच्या माऱ्याने तटाचे काही भाग ढासळले आहेत. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून स्वीकार केला. त्यांत विजयदुर्ग आहे.

गोदीत आता गाळ साचला आहे. उधाणाच्या दिवशी भरतीचे पाणी पूर्वीप्रमाणेच तिच्या तोंडातून आत येते, कडेच्या दगडांवर चढते आणि काही तासांनी ओसरते. मग चिखलावर लहान लहान खेकडे बाहेर पडतात, आणि दूरवरून एखाद्या मच्छीमार होडीच्या यंत्राचा आवाज ऐकू येतो.