मेणाच्या ठोकळ्यातलं निदान

बायोप्सी झाली की नातेवाईक काउंटरवर विचारतात, "रिपोर्ट उद्या मिळेल ना?" सहसा मिळत नाही. मधले दिवस घरच्यांना खायला उठतात, आणि त्या दिवसांत काढलेल्या तुकड्याचं काय चाललेलं असतं, हे त्यांना कुणी सांगत नाही. सांगायला हवं. कारण निदानाची निम्मी भिस्त या दिवसांवर असते.

सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसायच्या तर तुकड्यातून प्रकाश आरपार जायला हवा. त्यासाठी काप लागतो तीन ते पाच मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. ओला, मऊ तुकडा इतका पातळ कापणं जवळपास अशक्य.

म्हणून आधी फॉर्मेलिन. शरीराबाहेर आलेली पेशी स्वतःच्याच विकरांनी विरघळू लागते. फॉर्मेलिन ते थांबवतं. हा गुण 1893 मध्ये फर्डिनांड ब्लूम या जर्मन डॉक्टरच्या ध्यानात आला. जंतुनाशक म्हणून ते वापरताना त्याच्या बोटांची कातडी कडक झाली होती. पुढे अल्कोहोलने तुकड्यातलं पाणी काढायचं, झायलीनने अल्कोहोल काढायचं आणि त्या जागी साठ अंशांच्या आसपास वितळलेलं पॅराफिन मेण भरायचं. हे काम यंत्र रातोरात करतं. सकाळी तुकडा साच्यात नीट बसवून मेणाचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, तयार होतो. आतड्याचा तुकडा इथे आडवा पडला, तर त्याचे थर एकाखाली एक दिसणारच नाहीत.

खरी कसोटी मायक्रोटोमवर, म्हणजे काप घेणाऱ्या यंत्रावर. बर्फावर गार केलेला ब्लॉक पकडीत बसतो. हाताने चाक फिरवलं की तो पात्यावरून खाली उतरतो आणि प्रत्येक फेरीला ठरलेले मायक्रॉन पुढे सरकतो. काप एकाला एक चिकटून पात्यावर रिबन तयार होते. टेक्निशियन ती ब्रशने अलगद उचलून कोमट पाण्यावर सोडतात. सुरकुत्या पसरतात, आणि खालून काचेची स्लाइड घालून काप वर घेतला जातो. पात्याला बारीक खाच असेल तर कापावर उभी रेघ उमटते. पाण्यावर आधीच्या रुग्णाच्या पेशी तरंगत राहिल्या तर त्या पुढच्याच्या स्लाइडवर चढू शकतात, म्हणून पाण्याचा पृष्ठभाग दर ब्लॉकनंतर टिपून घ्यावा लागतो. सुईने काढलेला तुकडा जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीचा. ब्लॉक सपाट करताना चाक जरा जास्त फिरलं, तर ज्या पेशी शोधायच्या त्याच कचऱ्यात जातात. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्टची असते, पण त्यांना काय दिसणार, हे या हाताने आधीच ठरवलेलं असतं. मला या कामाबद्दल मनापासून आदर वाटतो.

मग रंग. मेक्सिकोतल्या कँपेचे भागात सापडलेल्या झाडाच्या गाभ्यापासून मिळणारं हिमॅटॉक्सिलिन केंद्रकाला निळं-जांभळं करतं, इओसिन बाकीची पेशी गुलाबी. ही जोडी 1870 च्या दशकातली, आणि आजही पहिला रंग हाच. त्यापुढे प्रतिपिंड वापरून विशिष्ट प्रथिनं शोधतात. स्तनाच्या कर्करोगात ईआर, पीआर आणि हर-टू या प्रथिनांच्या चाचण्यांवर उपचारांची दिशा ठरते. त्यासाठी काप त्याच ब्लॉकमधून घेतले जातात.

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 मध्ये सुरू झालं, तेव्हा तिथल्या पॅथॉलॉजीची घडी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी बसवली. तोंडाचा कर्करोग आणि तंबाखू यांचा संबंध तपासण्यात त्यांचं नाव अग्रभागी आहे. त्यांच्या या क्षेत्रात जुना ब्लॉक टाकाऊ नसतो. 1918 च्या फ्लूच्या साथीत दगावलेल्या एका अमेरिकन सैनिकाच्या फुप्फुसाचा तुकडा मेणात जपलेला होता. जेफ्री टॉबेनबर्गर यांच्या गटाने त्यातूनच त्या विषाणूच्या आरएनएचे अंश मिळवले आणि 1997 मध्ये प्रसिद्ध केले.

म्हणूनच दुसरं मत घ्यायला मोठ्या रुग्णालयात जाताना रिपोर्टची झेरॉक्स पुरत नाही. पहिल्या प्रयोगशाळेतून ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागून घ्यावेत, ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी ताडून पाहावा. आणि उन्हाळ्यात ब्लॉक तापलेल्या गाडीत ठेवू नये. मेण मऊ पडतं.