काव्यगत न्याय
साहित्यकृतीच्या अखेरीस सज्जनास सुफळ व दुर्जनास शासन मिळावे, असा संकेत. ‘काव्यगत न्याय’ ही संज्ञा इंग्रज समीक्षक टॉमस राइमर याने १६७८ मध्ये रूढ केली. जोसेफ ॲडिसन याने १७११ मध्ये हा संकेत जीवनानुभवाशी विसंगत ठरविला.

छळ करणाऱ्या पात्राच्या बाबतीत हा प्रश्न विशेष बिकट होतो. शूद्रकाच्या मृच्छकटिकात वसंतसेनेचा गळा आवळणाऱ्या शकारास चारुदत्त अखेरीस मुक्त करवितो. तत्पूर्वी वसंतसेनेने मात्र चारुदत्ताच्या गळ्यातील वध्यमाला काढून शकारावर फेकलेली असते. शकार शरण येतो तो मृत्युभयाने, पश्चात्तापाने नव्हे. त्यामुळे या क्षमेने चारुदत्ताचे औदार्य सिद्ध होते, शकाराचा उद्धार होत नाही. याउलट राम गणेश गडकरी यांच्या एकच प्याला (१९१९) या नाटकात मद्यपी पतीच्या हातून झालेला अपराध सिंधू स्वतःच झाकते. तरीही पश्चात्तापदग्ध सुधाकर विषमिश्रित मद्य पिऊन स्वतःस शासन करतो. पीडिताची क्षमा, अपराध्याचा पश्चात्ताप व शिक्षा या भिन्न गोष्टी असून एकीने दुसरीची उणीव भरून निघत नाही, हे या दोन्ही नाटकांवरून दिसून येते.