विमानतळावरचे शंभर मिलिलिटर

आज तुम्हांला एक कोडे घालतो.

समजा, लातूरच्या एक आजीबाई आपल्या मुलीकडे स्कॉटलंडमधील एडिंबरो या शहरी निघाल्या आहेत. नांदेडच्या विमानतळावरून देशातल्या एका मोठ्या शहरी, तेथून परदेशी जाणाऱ्या विमानाने आखातातल्या एका शहरी आणि तेथून एडिंबरो, असा त्यांचा प्रवास आहे. हातातल्या पिशवीत एक लिटर पाण्याची बाटली आहे. नांदेडच्या तपासणीत ती बाटली सहसा कोणी अडवत नाही. परदेशी विमानात चढण्याआधीच्या तपासणीत मात्र तीच बाटली रिकामी करावी लागते. परत येताना एडिंबरोच्या विमानतळावर एक लिटरची भरलेली बाटली बिनबोभाट पुढे जाते. पण मधल्या शहरात शंभर मिलिलिटरचा नियम चालू असेल, तर ती तेथे पुन्हा अडते! पाणी तेच, बाटली तीच आणि आजीही त्याच. मग न्याय ठिकठिकाणी वेगळा का?

आजी वैतागल्या तर त्यांना दोष देता येणार नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या गावच्या माणसाला भरलेली बाटली ओतून द्यायला सांगणे म्हणजे काय, हे मराठवाड्यात कोणाला वेगळे सांगायला नको. ‘हे सगळे नियम म्हणजे निव्वळ लहर!’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु विज्ञानाचा विद्यार्थी तेथे थांबत नाही. तो कोणत्याही नियमाला तीन प्रश्न विचारतो: भीती कशाची आहे? मोजायचे साधन कोणते आहे? आणि नियम केव्हा केला?

भीती कशाची?

पाण्यासारखे दिसणारे सगळेच द्रव पाण्यासारखे निरुपद्रवी नसतात. २९ नोव्हेंबर १९८७ रोजी कोरियन एअरचे एक विमान आकाशातच नष्ट झाले आणि ११५ माणसे प्राणाला मुकली. त्या घातपातात रेडिओत लपवलेल्या स्फोटकाबरोबर दारूच्या बाटलीत भरलेले द्रव स्फोटकही वापरले होते. तरीसुद्धा पुढची जवळजवळ वीस वर्षे प्रवासी पाण्याच्या बाटल्या घेऊन खुशाल विमानात बसत होते.

१० ऑगस्ट २००६ रोजी चित्र पालटले. अटलांटिक महासागर ओलांडणारी प्रवासी विमाने द्रव स्फोटकांनी उडवून देण्याचा कट ब्रिटिश पोलिसांनी उघडकीस आणला. स्फोटके शीतपेयांच्या बाटल्यांतून नेण्याचा बेत होता. त्या दिवसापासून काही आठवडे विमानात द्रव नेण्यावर जवळजवळ पूर्ण बंदीच आली. पण अशी बंदी कायमची कशी चालणार? म्हणून अमेरिकेत सप्टेंबरमध्ये आणि युरोपात नोव्हेंबरमध्ये तडजोड म्हणून मर्यादा आली: एका बाटलीत १०० मिलिलिटर, आणि अशा सर्व बाटल्या एक लिटरच्या एकाच पारदर्शक पिशवीत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने हीच मर्यादा जगाला सुचवली. ‘सुचवली’ हा शब्द ध्यानात ठेवा. नियम करणे आणि तो पाळायला लावणे हे प्रत्येक देशाचे आपापले काम आहे. आपल्याकडेही परदेशी विमानांना हा नियम लागू झाला. देशातल्या देशात फिरणाऱ्या प्रवाशाला मात्र पिण्याचे पाणी नेण्याची मुभा राहिली. कोड्याचा पहिला धागा येथे सापडतो.

यंत्राला काय दिसते?

तपासणीच्या पट्ट्यावरून पिशवी क्ष-किरण यंत्रात जाते, तेव्हा पडद्यावर तिची रंगीत सावली उमटते. धातू निळसर दिसतात; कापड, कागद, अन्न, प्लॅस्टिक यांसारखे हलक्या मूलद्रव्यांचे पदार्थ नारिंगी दिसतात. पंचाईत अशी, की पाणी, तेल, तूप आणि कित्येक स्फोटके ही सगळीच मंडळी नारिंगी!

शिवाय सावलीचा गडदपणा दोन गोष्टींवर अवलंबून असतो. एक, पदार्थ किती दाट आहे. दोन, किरणांच्या वाटेत त्याची जाडी किती आहे. हलक्या द्रवाची जाड बाटली आणि जड द्रवाची बारीक बाटली यांची सावली सारखीच पडू शकते. म्हणजे जुन्या यंत्राला बाटली दिसे, पण बाटलीत काय आहे ते खात्रीने सांगता येत नसे. मोजता येत नाही, तेव्हा माणूस निदान प्रमाण तरी कमी ठेवतो. शंभर मिलिलिटरच्या नियमाचे मर्म हे आहे.

शंभरच का?

पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते, तशी ही निसर्गाने आखलेली सीमा नाही. ९९ मिलिलिटर सुरक्षित आणि १०१ घातक, असे काही नसते. थोडक्या द्रवाने होणारा धोका कमी, आणि प्रवाशाचे तेल-साबणही अडू नये, या दोहोंच्या मध्ये कोठेतरी रेघ मारायची होती. ती शंभरावर मारली.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना खटकते. दोनशे मिलिलिटरच्या बाटलीत तळाशी पन्नास मिलिलिटर तेल उरले असले, तरी ती बाटली चालत नाही! हे अन्यायाचे वाटते. पण विचार करा, रांगेत शेकडो माणसे उभी असताना प्रत्येक बाटलीतले तेल मोजपात्रात ओतून कोण पाहणार? बाटलीवर छापलेला आकडा मात्र एका नजरेत वाचता येतो. म्हणून नियम द्रवाचा नसून बाटलीचा आहे. औषधे आणि तान्ह्या बाळाचे दूध यांना सवलत असते, हेही येथे सांगून ठेवू.

तूप द्रव की घन?

आता आपल्या स्वयंपाकघरात चला. खोबरेल तेल सुमारे २४ ते २५ अंशांखाली थिजते. नांदेडच्या डिसेंबरात बाटलीतून ते निघता निघत नाही, आणि मे महिन्यात पाण्यासारखे वाहते. तुपाचेही तसेच. मग तुपाचा डबा हिवाळ्यात घन आणि उन्हाळ्यात द्रव समजायचा काय? श्रीखंड कोणत्या वर्गात घालायचे? काकवी? तेलात बुडालेले लोणचे?

शाळेत आपण घन, द्रव, वायू असे तीन कप्पे शिकतो. पण दातांची पेस्ट नळीत स्वस्थ बसते आणि दाबली की वाहते. निसर्ग कप्प्यांत राहत नाही. म्हणून विमानतळाच्या नियमात द्रवांच्या जोडीला मलमासारखे आणि फवाऱ्याचे पदार्थही घातले आहेत. सोपी खूण अशी, की जे ओतता, पिळता, फासता किंवा फवारता येते ते द्रवासारखेच मानले जाते. तरीही लोणच्यासारखी वस्तू सीमेवरच राहते. तेथे तपासणाऱ्याच्या समजुतीला वाव उरतो, आणि एका खिडकीवर ‘हो’ तर शेजारच्या खिडकीवर ‘नाही’ असे ऐकू येते.

नवे यंत्र, नवा घोळ

१९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक हौन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना मिळाले. शरीराचे अनेक कोनांतून क्ष-किरण चित्र घेऊन, काकडीच्या चकत्या कराव्यात तशा आतल्या चकत्या संगणकाने दाखवण्याची युक्ती त्यांनी शोधली. तिलाच आपण सीटी स्कॅन म्हणतो. आता तीच युक्ती पिशव्यांसाठी वापरतात. जाडी आणि दाटपणा वेगवेगळे कळल्यामुळे हे यंत्र बाटलीतला द्रव बराच ओळखू शकते. एडिंबरोच्या विमानतळावर जुलै २०२५ पासून दोन लिटरपर्यंतच्या बाटल्या नेता येऊ लागल्या, त्या या यंत्रांमुळेच.

पण ही वाट सरळ नव्हती. नवी यंत्रे बसवलेल्या ब्रिटनमधील सहा विमानतळांवर मर्यादा सैल केली होती. जून २०२४ मध्ये तेथे शंभर मिलिलिटरचा नियम तात्पुरता परत आणला. युरोपीय संघानेही १ सप्टेंबर २०२४ पासून तसेच केले. यंत्र येते एका गावी आज, दुसऱ्या गावी पाच वर्षांनी. आजीबाईंच्या बाटलीने तपासणीगणिक वेगळा नियम पाहिला, तो यामुळे.

करून पहा

दोन पेल्यांत प्रत्येकी १०० ग्रॅम पाणी घ्या. एकात ७.५ ग्रॅम मीठ आणि दुसऱ्यात १४ ग्रॅम साखर विरघळवा. दोन्ही द्रव सारखेच दिसतील. समान आकारमान घेऊन वजन करा. तेही जवळजवळ सारखेच भरेल, कारण दोघांची घनता सुमारे १.०५ आहे. आता चव न घेता ओळखा पाहू! शिक्षकांच्या देखरेखीखाली नऊ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रोधक आणि छोटा एलईडी दिवा एका ओळीत जोडा आणि दोन उघड्या तारा आळीपाळीने प्रत्येक पेल्यात बुडवा. तारा एकमेकींना टेकू देऊ नका. मिठाच्या पाण्यात दिवा लागेल, साखरेच्या पाण्यात लागणार नाही.

डोळ्यांना आणि तराजूला जे कळले नाही, ते दिव्याने सांगितले. प्रत्येक साधन एखादाच गुण पाहते, आणि नियम त्या साधनाच्या नजरेइतकाच शहाणा असतो. म्हणून नियम पाळावा. पण तो का आहे, हे विचारायचा हक्क सोडू नये. तपासणीच्या रांगेपाशी ‘येथे कोणते यंत्र आहे आणि म्हणून किती द्रव चालेल’ असा साध्या मराठीतला फलक लागला, तर निम्मा वैताग तेथेच संपेल. तोवर आजीबाईंना एवढे सांगा: बाटली रिकामी न्या, तपासणीपलीकडे भरून घ्या, आणि तूप विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात, झाकण घट्ट लावून ठेवा.