धुऱ्याचा वाद

यवतमाळ जिल्ह्यातील कापसाच्या वावरांतून जाताना दोन शेतांच्या मध्ये गवताने झाकलेली मातीची एक अरुंद पट्टी दिसते. देशावर तिला बांध म्हणतात. वऱ्हाडात ती धुरा. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि धुरा हळूहळू खचतो. त्यात शेजाऱ्याने दर साली नांगराचे एखादे तास पलीकडे नेले, म्हणजे धुरा सरकू लागतो. 660 फूट लांबीच्या धुऱ्यालगतची पाच फूट रुंदीची पट्टी गेली, तर सुमारे तीन गुंठे जमीन गेली. ज्या कुटुंबाची सारी गुजराण दोन एकरांवर चालते, त्याला तीन गुंठे थोडे नसतात.

अशा वेळी प्रथम आठवते ती काठी. काठी चालली आणि कोणाचे डोके फुटले, की तो फौजदारी गुन्हा होतो. पोलीस येतात, सरकार खटला चालविते आणि गुन्हा शाबीत झाल्यास शिक्षा होते. परंतु ज्या तीन गुंठ्यांसाठी डोके फुटले, ते कोणाचे, हा प्रश्न तसाच राहतो. तो प्रश्न दिवाणी न्यायालयाचा. जमीन कोणाच्या मालकीची, उसने घेतलेले पैसे परत केले की नाही, करार कोणी मोडला, वडिलांच्या पश्चात वाटणी कशी व्हावी, असे हक्कांचे वाद तेथे चालतात. तेथील हेतू कोणाला तुरुंगात धाडण्याचा नसून ज्याचे त्याला मिळवून देण्याचा असतो.

मात्र हे न्यायालय आपण होऊन कोणाच्या दारी येत नाही. ज्याची तक्रार आहे त्याने दावा दाखल करावा लागतो. तो वादी, ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो प्रतिवादी. पुसद, वणी, दारव्हा अशा तालुक्यांच्या गावी दिवाणी न्यायालये आहेत आणि यवतमाळला जिल्हा न्यायालय आहे. दाव्याचे काम 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे चालते. प्रतिवादीला समन्स जाते. तो आपली बाजू लेखी मांडतो. मग दोघांचे एकमत कोठे नाही, हे पाहून न्यायाधीश वादाचे मुद्दे ठरवितात आणि पुरावा घेतात.

न्यायाधीशांनी ते शेत बहुधा पाहिलेले नसते. म्हणून गावातील कोणाचा आवाज मोठा, यापेक्षा सातबाऱ्याचा उतारा, खरेदीखत आणि मोजणीचा नकाशा यांना तेथे अधिक मोल असते. न्यायालय भूमी अभिलेख कार्यालयाकडून जागेची मोजणीही करवू शकते. पूर्वी ही मोजणी साखळीने होई; आता उपग्रहांचे साहाय्य घेतात. फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दिवाणी दाव्यात दोन्ही पारडी तोलून ज्याचे म्हणणे अधिक संभवनीय, त्याच्या बाजूने निर्णय होतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हक्क मागण्यालाही मुदत असते. 1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे उसन्या पैशांच्या दाव्याला साधारणतः तीन वर्षे आणि जमिनीचा ताबा मागण्याला बारा वर्षे मिळतात. कोणी दुसऱ्याची जमीन उघडपणे, स्वतःची म्हणून, बारा वर्षे अखंड वाहिली आणि मूळ मालक स्वस्थ बसला, तर त्याचा हक्कच नष्ट होऊ शकतो. 'शेजारधर्म आहे, पुढे पाहू,' असे म्हणत वर्षे लोटणाऱ्याला हा नियम कठोर वाटेल. परंतु साक्षीदार मरून गेल्यावर, कागद जीर्ण झाल्यावर वाद उकरला, तर खरे-खोटे निवडणार कसे?

निकालानंतर न्यायालय हुकूमनामा देते. तो न पटल्यास जिल्हा न्यायालयात अपील करता येते. त्यापुढे, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जाता येते. हुकूमनामा हाती आला म्हणजे जमीन हाती आली, असेही नव्हे. प्रतिवादी ऐकत नसेल तर बजावणीसाठी पुन्हा दरखास्त करावी लागते. एवढ्यात धाकटी पोरे कर्ती होतात, आणि कित्येकदा वकिलांची फी व एस. टी. चे भाडे यांचा खर्च त्या तीन गुंठ्यांच्या किमतीच्या पुढे जातो.

म्हणून कायद्याने समेटाची वाटही मोकळी ठेवली आहे. महाराष्ट्र शासनाने 15 ऑगस्ट 2007 रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. तीत गावच्या समितीने दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवून तडजोड घडवून आणावी, अशी योजना होती. समिती म्हणजे न्यायालय नव्हे. कोणावर सक्ती करण्याचा अधिकार तिला नव्हता. 1987 च्या कायद्याने स्थापन झालेल्या लोकन्यायालयाचे तसे नाही. तेथेही दोघांची संमती लागते, पण एकदा समेट झाला की त्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ येते. त्यावर अपील नाही, आणि न्यायालयात भरलेले शुल्कही परत मिळते.

धुऱ्याचा वाद असा मिटला, म्हणजे मोजणीदार हद्द दाखवून देतो. त्याने केलेल्या खुणांवर दोघे शेजारी दगड रोवतात, आणि पेरणीच्या आत धुऱ्यावर पुन्हा माती चढते.